पुराआधी संगणकाची किल्लीही सुरक्षित जागी हलवा

संपादक महोदय,

पावसाळा तोंडावर आला की सांगलीत गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक परिसरातले व्यापारी खतावण्या, बिलबुके आणि संगणक वरच्या मजल्यावर नेऊन ठेवतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्यामुळे ही तयारी आता कोणाला शिकवावी लागत नाही. मात्र भिजलेल्या संगणकातून हिशेब परत मिळवण्याची जी पद्धत दुरुस्तीवाले आजवर वापरत आले, ती यापुढे चालेलच असे नाही. मदरबोर्ड गेला तरी हार्डडिस्क शाबूत असेल तर ती काढायची, दुसऱ्या मशीनला जोडायची आणि हिशेबाचा फोल्डर उचलून घ्यायचा, ही ती पद्धत. विंडोज ११ च्या नव्या मशीनमध्ये बहुतेक वेळा संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात) झालेली असते आणि तिची रिकव्हरी की, म्हणजे ती उघडणारी आकड्यांची किल्ली, कुठे आहे हे मालकाला ठाऊक नसते. अशी डिस्क कोरडी राहिली, धडधाकट राहिली, तरी दुसऱ्या मशीनवर उघडणार नाही.

यावर काही जण 'मग ते एन्क्रिप्शन बंदच करून टाका' असा सल्ला देतात. तो चुकीचा आहे, म्हणून हे पत्र. मार्केट यार्डातल्या अडत्याच्या संगणकात शेतकऱ्यांचे आधार आणि बँक खाती असतात, मिरजेतल्या दवाखान्यात रुग्णांचे अहवाल, कर सल्लागाराकडे शेकडो लोकांचे पॅन आणि पासवर्ड, पतसंस्थेत तर सगळेच. ही माहिती दुसऱ्याची आहे. लॅपटॉप एसटीत राहिला किंवा जुने मशीन भंगारात गेले, तर विंडोजचा लॉगिन पासवर्ड काहीही अडवत नाही. डिस्क बाहेर काढून जोडली की फायली समोर येतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून कुलूप हवेच. त्याच दिवशी किल्ली कागदावर उतरवून दोन वेगवेगळ्या जागी ठेवणे हा त्याच कामाचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि नेमका तोच आपल्याकडे राहून जातो.

एन्क्रिप्शन ऑपरेटिंग सिस्टिम टाकतानाच का करायचे, हे आधी सांगतो. हार्डडिस्कला 'क्विक फॉरमॅट' मारले तर फायलींची फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर जागेवरच राहतो. एसएसडीचा कंट्रोलर झीज समान राहावी म्हणून लिखाण सगळ्या चिपवर पसरवत असतो, त्यामुळे एखाद्या फाइलवर नवे लिहिले तरी तिची जुनी प्रत दुसरीकडे उरू शकते. वर्षभर उघड्यावर वापरलेली डिस्क नंतर एन्क्रिप्ट केली तर अशा उरलेल्या प्रतींची खात्री देता येत नाही. कोऱ्या डिस्कवर पहिल्या दिवसापासून सगळे एन्क्रिप्ट होऊनच लिहिले गेले, तर हा प्रश्नच येत नाही. मशीन विकतानाही सोपे जाते. लिनक्सच्या एन्क्रिप्टेड डिस्कवर किल्ल्या ठेवलेली सुरुवातीची जागा पुसली की काही सेकंदांत उरलेली अख्खी डिस्क निरुपयोगी होते. मात्र त्या जागेचा बॅकअप घेतला असेल तर तोही नष्ट करावा लागतो.

वेगाची भीती बहुतेकांनी सोडून द्यावी. इंटेलने २०१० पासून आणि एएमडीने २०११ पासून प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शनच्या गणितासाठी स्वतंत्र सूचना दिल्या आहेत आणि त्या असलेल्या मशीनवर रोजच्या कामात फरक जाणवत नाही. अपवाद म्हणजे जुने आय३ (चौथ्या पिढीआधीचे) आणि त्या काळातले पेंटियम, सेलेरॉन. त्यांच्यात या सूचना नव्हत्या. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या) 'क्रिप्टसेटअप बेंचमार्क' ही आज्ञा चालवा. 'एईएस-एक्सटीएस' या ओळीपुढे सेकंदाला हजाराच्या वर एमबी दिसले तर बिनधास्त पुढे जा. शे-दोनशे दिसले आणि त्यावर एसएसडी बसवणार असाल, तर मशीन रडतखडत चालेल हे गृहीत धरा.

आता विंडोज. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि अनेक कार्यालयांनी नवी मशीन घेतली किंवा विंडोज ११ टाकून घेतली. २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की होम आणि प्रो दोन्हींत डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. किल्ली मदरबोर्डवरच्या किंवा प्रोसेसरमधल्या टीपीएम या किल्ल्या जपणाऱ्या भागात बसते आणि रिकव्हरी की त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. ते खाते कोणाचे? दुकानातल्या इंजिनिअरने घाईत स्वतःचे घातले, किंवा नोकरी सोडून गेलेल्या ऑपरेटरचे होते, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्यांच्याकडे आहे. सगळ्यात जास्त अडचणी इथेच होतात.

उलट प्रकारही होतो. इंजिनिअरने खात्याविना, लोकल युजर करून विंडोज टाकले तर डिस्क एन्क्रिप्ट झालेली दिसते, पण संरक्षण चालू झालेले नसते. किल्ली डिस्कवरच उघडी पडलेली असते. 'धिस पीसी'मध्ये सी ड्राइव्हवर कुलपाबरोबर पिवळा त्रिकोण दिसला तर हीच अवस्था समजा. रुफस या प्रोग्रॅमने विंडोज टाकण्यासाठी बनवलेल्या पेनड्राइव्हमध्ये तर आपोआप होणारे एन्क्रिप्शन बंद ठेवण्याचा पर्यायच आहे आणि काम लवकर उरकावे म्हणून तो टिकही केला जातो. म्हणून मशीन ताब्यात घेताना स्वतः तपासा. 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. अचूक उत्तर हवे असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून इंग्रजीत 'मॅनेज-बीडीई', जागा सोडून वजाचे चिन्ह आणि 'स्टेटस' असे टाइप करा. 'प्रोटेक्शन ऑन' आणि १०० टक्के, दोन्ही दिसले पाहिजे.

रिकव्हरी की ४८ अंकांची असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे हाताने उतरवताना एखादा अंक चुकला तर चूक कोणत्या गटात आहे ते कॅल्क्युलेटरवर लगेच कळते. त्याच्याबरोबर की आयडीची पहिली आठ अक्षरेही लिहून ठेवा. निळ्या पडद्यावर विंडोज किल्ली मागते तेव्हा हाच आयडी दाखवते आणि पाच-सहा मशीनच्या कार्यालयात कोणता कागद कोणाचा हे त्यावरूनच ठरते. की छापण्याचा पर्याय निवडून ती पीडीएफ करून त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर ठेवणे म्हणजे किल्ली तिजोरीत टाकून दार लावणे. डी ड्राइव्ह एन्क्रिप्ट नसेल आणि की तिथे ठेवली, तर मालकाइतकीच ती चोरालाही मिळते.

प्रो आवृत्तीत दोन गोष्टी जास्तीच्या कराव्यात. बिटलॉकर (विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) चालू करताना 'फक्त वापरलेली जागा' की 'संपूर्ण ड्राइव्ह' असे विचारले जाते. डिस्क नवी असेल तर पहिला पर्याय पुरतो. आधी वापरलेली असेल तर संपूर्ण ड्राइव्हच निवडा, नाहीतर पुसलेल्या जुन्या फायली तशाच राहतात. दुसरी गोष्ट पिनची. नुसत्या टीपीएमवर विसंबले तर मशीन स्वतःहून डिस्क उघडून लॉगिनच्या पडद्यापर्यंत जाते. डिस्क काढून नेणाऱ्याला अडवायला हे पुरेसे आहे, अख्खा लॅपटॉप नेणाऱ्याबाबत तितके भक्कम नाही. विंडोजच्या ग्रुप पॉलिसी या सेटिंग्जमध्ये 'ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्हज'खाली सुरू होतानाच जादा ओळख मागण्याचा पर्याय आहे, तो चालू करून किमान सहा अंकी पिन लावा. लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्या विमा प्रतिनिधी, कर सल्लागार, डॉक्टरांनी तर नक्कीच.

पूर नसतानाही किल्ली मागितली जाण्याचे प्रसंग बरेच येतात. बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट, सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) बंद करणे, मदरबोर्ड बदलणे ही ठरलेली कारणे. बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड' करायचे; एन्क्रिप्शन काढायची गरज नसते. बोर्डावरचा बटणसेल संपला की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात आणि तेवढ्यानेही निळा पडदा समोर येऊ शकतो. अशा वेळी घाबरून फॉरमॅट मारू नका, आधी सेल बदलून सेटिंग्ज पूर्वीसारख्या करून पाहा. एएमडीच्या काही बोर्डांवर बायोस किंवा प्रोसेसर बदलल्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधले टीपीएम) रीसेट करायचे का, असा प्रश्न वाय आणि एन या पर्यायांसह येतो. किल्लीचा कागद हातात नसेल तर वाय दाबू नका.

आता लिनक्स. शाळा, सायबर कॅफे आणि जुनी मशीन वापरणाऱ्या छोट्या कार्यालयांत उबंटू किंवा मिंट टाकलेले असते आणि तिथे एन्क्रिप्शन आपोआप होत नाही. इन्स्टॉल करतानाच मागावे लागते. उबंटूत 'इरेज डिस्क' निवडल्यावर 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स'मध्ये एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची पद्धत) आणि एन्क्रिप्शनचा पर्याय असतो. डेबियनमध्ये 'गाइडेड' यादीतच 'एन्क्रिप्टेड एलव्हीएम' आहे. डेबियन त्याआधी पूर्ण डिस्कवर यादृच्छिक माहिती लिहिते. १ टीबीच्या हार्डडिस्कला सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. वीज जाणाऱ्या भागात हे यूपीएसवर करा. डिस्क पूर्णपणे नवी असेल तर हा टप्पा रद्द केला तरी चालतो.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स हवे असेल तर ही तयार वाट उपयोगी पडत नाही, तिला सहसा पूर्ण डिस्क लागते. पार्टिशन (डिस्कचे भाग) हाताने करावी लागतात. ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फायलींचे) आहे तेच वापरायचे, 'बूट'साठी १ ते २ जीबीचे साधे, एन्क्रिप्ट न केलेले ईएक्सटी४, उरलेली जागा एन्क्रिप्टेड, आणि तिच्या पोटात एलव्हीएम करून त्यात रूट (मूळ सिस्टिम) व स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा). बूट पार्टिशन ५०० एमबीचे केले तर जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) साठून ते भरते आणि अपडेट अर्धवट अडकते. स्वॅप बाहेर ठेवणे ही त्याहून मोठी चूक. रॅममधला मजकूर स्वॅपमध्ये उतरतो आणि हायबरनेट केल्यावर तर रॅममधली डिस्कची किल्लीसुद्धा उघड्या जागेवर लिहिली जाते. इन्स्टॉल झाल्यावर मशीन पासवर्ड न विचारता काळ्या पडद्यावर 'इनिट्रॅमएफएस' (बूटच्या वेळची छोटी सिस्टिम) म्हणून थांबले, तर बहुधा एन्क्रिप्टेड डिस्कांची यादी असलेल्या 'क्रिप्टटॅब' फायलीत डिस्कचा ओळख क्रमांक (यूयूआयडी) चुकलेला किंवा नोंदच नसलेली असते. लाइव्ह पेनड्राइव्हवरून ती दुरुस्त करून इनिट्रॅमएफएस पुन्हा बांधले की काम होते. त्यासाठी सगळे पुन्हा टाकायची गरज नाही.

पासवर्डबद्दल मराठी वापरणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. डिस्क उघडण्याआधी ऑपरेटिंग सिस्टिम चालू झालेली नसते, त्यामुळे इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक मराठी कळफलक तिथे मिळेलच असे नाही. देवनागरीत ठेवलेला पासवर्ड इन्स्टॉल करताना स्वीकारला जाईल आणि पुढच्या बूटला टाइपच करता येणार नाही. रोमन लिपीतली छोटी अक्षरे वापरा. रुपयाचे चिन्ह नको. अ‍ॅट आणि अवतरणचिन्ह अमेरिकन व ब्रिटिश मांडणीत एकमेकांच्या जागी असतात, म्हणून तेही टाळा. अंक वरच्या ओळीतून टाइप करा, कारण बूटच्या वेळी नमलॉक बंद असू शकतो. एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द रोमन लिपीत सलग लिहिले तर पासवर्ड लक्षातही राहतो आणि फोडायलाही अवघड जातो. मात्र शब्द मनाने न जुळवता शब्दकोश उघडून चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडावेत. दुकानाचे नाव आणि त्यापुढे वर्ष, हा पासवर्ड कुणीही पहिल्या दहा प्रयत्नांत ओळखेल.

लिनक्समधल्या लक्स२ या डिस्क एन्क्रिप्शनच्या पद्धतीत एकाच डिस्कला ३२ पर्यंत वेगवेगळे पासवर्ड लावता येतात. मालकाचा एक, ऑपरेटरचा एक आणि कागदावर सीलबंद ठेवायचा लांबलचक तिसरा, असे करा. माणूस नोकरी सोडून गेला की फक्त त्याचा पासवर्ड काढायचा. 'क्रिप्टसेटअप'च्या 'टेस्ट-पासफ्रेज' पर्यायाने तो कागदावरचा पासवर्ड खरोखर चालतो का, हे मशीन देण्याआधीच तपासून घ्या. आणि एक सूचना एकाच मास्टर डिस्कवरून दहा मशीनचे क्लोन काढणाऱ्यांसाठी: आधीच एन्क्रिप्ट केलेली डिस्क क्लोन केली तर सगळ्या मशीनची मूळ किल्ली एकच राहते. नुसता पासवर्ड बदलल्याने ती बदलत नाही, 'रीएन्क्रिप्ट' करावे लागते.

लक्सच्या डिस्कची नाजूक जागा म्हणजे सुरुवातीचा साधारण १६ एमबीचा हेडर. पासवर्डने जी मूळ किल्ली उघडायची, ती तिथे असते. डिस्क यूएसबी केबलने विंडोजला जोडली की विंडोजला त्यातले काही कळत नाही आणि ते 'फॉरमॅट करायचे का' किंवा 'इनिशियलाइझ करायचे का' असे विचारते. त्यावर हो म्हटले आणि हेडरवर काही लिहिले गेले, तर पासवर्ड तोंडपाठ असूनही काही परत येत नाही. पुरानंतर दहा-वीस डिस्क एकदम दुरुस्तीला येतात तेव्हा ही चूक सहज होईल, म्हणून डिस्कवर मार्करने 'लिनक्स, एन्क्रिप्टेड' असे लिहून ठेवा. 'लक्सहेडरबॅकअप' या आज्ञेने हेडरची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घेता येते, ती घ्याच. पासवर्ड बदलल्यावर जुनी प्रत नष्ट करून नवी घ्यायला विसरू नका, कारण जुन्या प्रतीवर जुना पासवर्ड चालतो.

एन्क्रिप्टेड डिस्कवर एक खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) आला की सगळे गेले, असा समज दुरुस्तीवाल्यांतही आहे. तसे नाही. डिस्क एन्क्रिप्शनच्या एक्सटीएस पद्धतीत जो सेक्टर वाचता येत नाही तेवढाच जातो, बाकीचा मजकूर उलगडतो. हेडर हा त्याला अपवाद. बिटलॉकर आपली हेडरसारखी माहिती डिस्कवर तीन ठिकाणी ठेवते. भिजलेली हार्डडिस्क चालू करू नका, हीटरसमोर धरू नका, तांदळात पुरू नका. आत गाळ गेलेला असताना तबकडी फिरली की तिच्यावर ओरखडे पडतात. ती ओलसरच पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत पाठवा आणि एन्क्रिप्टेड असल्याचे पहिल्यांदाच सांगा. तिथे आधी पूर्ण डिस्कची प्रत काढतात आणि मग किल्ली लावतात. किल्ली नसेल तर कितीही पैसे मोजले तरी उपयोग नाही.

मग किल्लीचा कागद कसा असावा? इंकजेटची शाई सहसा पाण्याने पसरते. लेझर प्रिंट किंवा पेन्सिलचे लिखाण टिकते. लॅमिनेट केलेले बरे. एक प्रत घरी, दुसरी पुराच्या रेषेबाहेरच्या नातेवाइकाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये, लॉकर तळमजल्यावर नसेल तर. लॅपटॉपच्या बॅगेत आणि संगणकाच्या डब्यावर चिकटवून कधीच नाही.

एन्क्रिप्शन म्हणजे बॅकअप नव्हे. चालू मशीनमध्ये शिरलेला व्हायरस, खंडणी मागणारे रॅन्समवेअर, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले आधारचे फोटो, यांतले ते काहीच थांबवत नाही. लॅपटॉप नुसता मिटून ठेवला तर किल्ली रॅममध्ये जिवंत राहते. प्रवासात तो पूर्ण बंद करावा. आणि बॅकअपची बाहेरची डिस्क उघडीच असेल तर मुख्य मशीनला कुलूप लावून काय साधले? विंडोज प्रो वर 'बिटलॉकर टू गो'ने ती एन्क्रिप्ट करता येते आणि अशी डिस्क पासवर्ड देऊन होम आवृत्तीवरही उघडते.

या पत्राद्वारे दोन मागण्या करतो. महापालिका पावसाळ्याआधी नागरिकांना ज्या सूचना देते, त्यांत 'संगणकाची रिकव्हरी की कागदावर उतरवून सुरक्षित जागी ठेवा' ही एक ओळ घालावी. आणि सांगली, मिरज, कुपवाडच्या संगणक विक्रेत्यांनी प्रत्येक नव्या किंवा फॉरमॅट केलेल्या मशीनच्या बिलावर तीन नोंदी कराव्यात: डिस्क एन्क्रिप्ट आहे की नाही, कोणत्या खात्यावर, आणि रिकव्हरी की ग्राहकाला दिली का. तिसऱ्या नोंदीपुढे ग्राहकाची सही घ्यावी. ४८ अंक बिलावर मात्र छापू नयेत, कारण बिलाची प्रत दुकानातही राहते. ते वेगळ्या कागदावर ग्राहकाच्या हाती द्यावेत.

– संगणक दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक,
विश्रामबाग, सांगली